सिलिंडरमधला आरसा

जुन्या मोटारसायकलीचे इंजिन उघडले आणि सिलिंडरची आतली भिंत लखलखताना दिसली, की मालकाचा चेहराही तितकाच लखलखतो. ‘पन्नास वर्षे चालली, पण आत पाहा, तोंड दिसेल!’ असे तो अभिमानाने सांगतो. त्याच्या आनंदावर विरजण घालणे जिवावर येते. परंतु श्रोतेहो, ज्या सिलिंडरमध्ये तोंड दिसते तो सिलिंडर आजारी असतो. निरोगी सिलिंडरची भिंत किंचित मंद, करड्या झाकेची असते, आणि उजेडात तिरपी धरून पाहिली असता तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. ही जाळी झिजून गेली असता ती पुन्हा उमटविण्याच्या क्रियेला कारागिरांच्या भाषेत ‘होनिंग’ म्हणतात. ही क्रिया घरी करता येते काय, करावी काय, आणि करावयाची झाल्यास कोठे थांबावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय जेथे वारंवार निघतो अशी एक वस्ती म्हणजे भोपाळचे तुलसी नगर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ त्याची राजधानी झाली, आणि नागपूरच्या सचिवालयातील कागदपत्रांच्या गठ्ठ्यांबरोबर कित्येक मराठी कुटुंबेही आपले बिऱ्हाड उचलून इकडे आली. ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी मंडळी त्यांना येऊन मिळाली. सरकारी नोकरांसाठी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका भागाला ‘१२५० क्वार्टर्स’ हेच नाव पडले, आणि तेथील जयप्रकाश रुग्णालयाला जुने भोपाळकर आजही त्याच आकड्याने ओळखतात. सायकलीवरून कचेरी गाठणाऱ्या या मंडळींच्या ओसरीत पुढे एखादी मोटारसायकल येऊन उभी राहिली. मद्रासची बुलेट १९५५ पासून मिळू लागली होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा बाहेर पडू लागली, आणि त्याच दशकात फरिदाबादची राजदूतही आली. त्या गाड्यांवर बसून कचेरीत गेलेली पिढी आता किक मारण्याच्या वयापलीकडे गेली आहे किंवा आपल्यातून गेली आहे. आणि नातवंडे ती इंजिने उघडीत आहेत.

नातवंडांच्या उत्साहाला एक मर्यादा मात्र आहे, आणि ती लोखंडाने घातलेली आहे. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. ‘जावा’ हे नाव २०१८ साली पुन्हा बाजारात आले खरे, परंतु त्या नव्या गाडीचे इंजिन सर्वस्वी निराळे आहे. तिचा सिलिंडर आजोबांच्या गाडीला बसणार नाही. जुन्या सिलिंडरमधून घासून काढलेले लोखंड परत भरता येत नाही. सिलिंडर फार झिजला म्हणजे तो थोडा मोठा कोरून त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवितात; ही मापे साधारणपणे पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर अशी चढत जातात. म्हणजे एका सिलिंडरच्या आयुष्यात असे तीन-चारच जन्म असतात. त्यानंतर आत नवी नळी ठोकून बसविणे एवढाच उपाय उरतो. म्हणून घरी बसून सिलिंडर घासणाऱ्याने आपण कोणाची ठेव खर्च करीत आहोत, याचे भान ठेवलेले बरे.

आता या रेघांचे काम पाहू. सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे कारागीर ज्याला पिस्टन म्हणतो तो, खालीवर होतो. त्याच्या अंगावरील खाचांत बिडाच्या स्थितिस्थापक कड्या, म्हणजे रिंगा, बसविलेल्या असतात. पिस्टन स्वतः भिंतीला घट्ट चिकटत नाही. भिंतीवर दाब ठेवून वायू अडविण्याचे काम रिंगांचे असते. जुन्या २५० सी.सी. जावाचे उदाहरण घ्या. तिच्या सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची एक फेरी ७५ मिलिमीटरांची. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असता पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १० मीटर होतो, आणि त्याच एका सेकंदात तो सुमारे १३३ वेळा थांबून दिशा बदलतो. पिस्टन वेगात असतो तोपर्यंत रिंग तेलाच्या पातळ थरावर तरंगत जाते. परंतु वरच्या टोकाला, जेथे तो क्षणभर थांबतो, तेथेच उष्णता आणि दाब सर्वांत अधिक आणि तेल सर्वांत कमी असते. तेथे तेलाचा थर तुटतो आणि लोखंडाला लोखंड लागते. भिंतीवरील रेघांत साठलेले तेल अशा वेळी उपयोगी पडते. या रेघांची खोली मिलिमीटरच्या काही सहस्रांशांपेक्षा अधिक नसते. तेवढ्या ओलाव्यावर इंजिनाचे आयुष्य चालते.

भिंत खरखरीत करावयाची म्हटल्यावर आपल्याकडील गृहिणींना पाट्याला टाकी लावण्याची आठवण होईल. पाटा गुळगुळीत झाला म्हणजे वाटण होत नाही, म्हणून टाकीवाल्याकडून त्यावर टिंबे ठोकून घेतात. दोन्ही ठिकाणी गुळगुळीतपणा हाच दोष आहे, हे खरे. पण साम्य येथेच संपते. पाट्याच्या खरखरीतपणाने वाटावयाचे असते. सिलिंडरच्या रेघांनी कापावयाचे नसते, धरून ठेवावयाचे असते. त्यापेक्षा उताराच्या शेताची उपमा अधिक जुळते. उतारावर नांगराचे तास वरून खाली काढले तर पाऊस सरळ ओढ्याला मिळतो. ते उताराला आडवे काढले तर पाणी जागोजाग मुरते. सिलिंडरच्या भिंतीवरही रेघा फार उभ्या असल्या तर तेल त्यांच्यावाटे निसटते. मात्र येथे शेताहून एक भेद आहे: रेघा अगदी आडव्या, बांगड्यांसारख्या असल्या तर तेल एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जात नाही, आणि रिंग त्यांच्यावरून अडखळत जाते. म्हणून तिरप्या रेघा दोन दिशांनी काढून त्यांची जाळी करतात, आणि दोन रेघांमधला कोन सामान्यतः ४५ ते ६० अंशांचा ठेवतात.

वर्षानुवर्षांच्या घर्षणाने ही जाळी पुसली जाते, जळलेल्या तेलाचा एक कठीण, चकचकीत लेप भिंतीवर बसतो, आणि आरसा तयार होतो. अशा भिंतीवर नव्या रिंगा चढविल्या तर त्या बसत नाहीत. रिंग बसावयाची म्हणजे तिची कडा आणि भिंत यांनी एकमेकींना किंचित झिजवून एकरूप व्हावयाचे असते. आरशावर ते घडत नाही. नव्या रिंगा घालूनही बुलेट निळा धूर सोडीत राहते, जावाची किक हलकी लागते, आणि मालक रिंगा विकणाऱ्याला बोल लावतो.

तथापि होनिंगच्या आधी माप घेतले पाहिजे. हे माप घेण्याचा कंटाळा हेच घरगुती होनिंगच्या बहुतेक दुष्परिणामांचे मूळ आहे, असे माझे मत आहे. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या रिंगेची धाव जेथे संपते, त्याच्या लगेच खाली झीज सर्वांत अधिक असते. आणि पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला ती आणखी अधिक असते. म्हणजे मुळात सरळ आणि गोल असलेली नळी वरच्या बाजूला रुंद आणि थोडी अंडाकृती होते. रिंगेच्या धावेच्या वर मात्र लोखंड अस्पर्श राहते, आणि तेथे एक कंगोरा उभा राहतो. तो नखाला लागतो. हा कंगोरा फार ठळक असेल तर नवी, धारदार कडेची रिंग त्याच्यावर आपटून तुटू शकते.

व्यास मोजण्याचा डायल गेज प्रत्येकाच्या घरी नसतो, आणि त्यासाठी तो विकत घेण्याचेही कारण नाही. एक फीलर गेज, म्हणजे निरनिराळ्या जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा, आणि एक रिंग एवढ्यावर पहिला अंदाज निघतो. रिंग पिस्टनच्या माथ्याने ढकलून सिलिंडरमध्ये सरळ बसवावी आणि तिच्या दोन टोकांमधील फट पट्टीने मोजावी. प्रथम अगदी खाली, जेथे रिंगा कधी पोहोचतच नाहीत, तेथे मोजावी. मग वर, झिजेच्या जागी. दोन फटींतील फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातील फरक हाती येतो. कारण फट ही परिघाची वाढ आहे आणि आपल्याला हवा आहे तो व्यास. ज्यांना शाळेतील भूमिती निरुपयोगी वाटली होती, त्यांनी हे गणित अवश्य करून पाहावे.

तुलसी नगरातील एक तरुण आपल्या आजोबांच्या जावाचा सिलिंडर असाच पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आला होता. ‘काका, होन मी मागवलाय. घासून नव्या रिंगा टाकतो, झालं काम. हो ना?’ त्याला म्हटले, ‘अरे, आधी फट तर मोज.’ खाली फट निघाली अर्धा मिलिमीटर, वर ०.९५. फरक ०.४५, भागिले ३.१४; म्हणजे व्यासात सुमारे ०.१४ मिलिमीटर झीज. ‘मग थोडं जास्त वेळ घासू का?’ हा त्याचा पुढचा प्रश्न होता. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, म्हणून त्याचे उत्तर येथे देतो.

घरगुती होन हा सिलिंडरचा आकार सुधारीत नाही. त्याचे दगड स्प्रिंगवर बसविलेले असतात. ते खोलगट जागी खोल जातात आणि उंच जागी वर येतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर झाडू मारला तर रस्ता स्वच्छ होतो, सपाट होत नाही. अधिक वेळ घासल्याने खड्डा तसाच राहतो आणि सर्व बाजूंनी लोखंड मात्र उगाच कमी होते. पिस्टन सैल होऊन वाजू लागतो. गाडीच्या पुस्तकात झिजेची मर्यादा दिलेली असेल तर तीच प्रमाण मानावी. नसेल तर झीज ०.१० मिलिमीटरच्या घरात गेली की होनचा विषय संपला, असे समजण्यास हरकत नाही. फीलर गेजने सरासरी झीज कळते, अंडाकृतीपणा कळत नाही, हेही लक्षात असावे. थोडाही संशय असल्यास बोरिंगच्या दुकानात नेऊन वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडव्या-उभ्या दोन दिशांनी अशी सहा मापे घेऊन मागावीत. त्या तरुणाचा सिलिंडर अखेर गोविंदपुऱ्याच्या बाजूस बोरिंगला गेला. तो अजून मूळ मापाचाच होता, त्यामुळे पहिल्या चढत्या मापावर काम भागले. बोरिंगला देताना नवा पिस्टन आधी विकत घेऊन बरोबर न्यावा. कारागीर पिस्टन मोजून त्याप्रमाणे सिलिंडर कोरतो आणि शेवटचे काही शतांश मिलिमीटर मोठ्या, दृढ बांधणीच्या होनने काढतो. छापील मापावर विसंबून आधीच कोरून ठेवलेल्या सिलिंडरात पिस्टन बसेलच असे नाही.

झीज मर्यादेत असली आणि दोष केवळ चकाकीचाच असला, तर मात्र घरी काम करावयास अडचण नाही. होन हा शब्द ऐकून कोणास शिवकालातील नाणे आठवेल. त्याच्याशी याचा संबंध नाही. हा आपल्या निसण्याचाच एक फिरता प्रकार आहे. घरगुती कामासाठी त्याचे दोन प्रकार मिळतात. एकात तीन पायांना तीन दगडी पट्ट्या असतात. दुसरा बाटली धुण्याच्या ब्रशासारखा असून त्याच्या प्रत्येक काडीच्या टोकाला घासणाऱ्या द्रव्याचा मणी असतो. बुलेटच्या सलग भिंतीच्या सिलिंडरला दोन्ही चालतात. जावा, येझदी, राजदूत या टू-स्ट्रोक गाड्यांच्या भिंतीत मात्र वायूच्या ये-जा करण्याची द्वारे कापलेली असतात. तीन पायांच्या होनचा पाय त्या द्वारात अडकला तर दगडाचा टवका उडतो, कधी भिंतच ओरबाडते. तेथे मण्यांचा होनच वापरावा. साध्या बिडाच्या रिंगांना २२० ते २४० नंबरच्या आसपासची खर पुरते.

एक इशारा येथेच दिला पाहिजे. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत अल्युमिनियमच्या सिलिंडरवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा अत्यंत कठीण व पातळ लेप असतो. त्यावर साधा होन लावणे म्हणजे लेपाचा नाश करणे होय. भिंतीला लोहचुंबक घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे असे समजावे. न चिकटल्यास हात आवरावा.

सिलिंडर शेगड्यांत, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळू नये. बिडाचे पंखे ठिसूळ असतात आणि तुटले की तुटलेच. जाड फळीला भोक पाडून तिच्यावर सिलिंडर बोल्टांनी बसवावा. ड्रिल मंद गतीचे हवे, आणि ते का, हे पुन्हा गणितच सांगते. जावाच्या सिलिंडरचा परीघ सुमारे २०४ मिलिमीटर. होन मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर दगड भिंतीवरून सेकंदाला सुमारे १ मीटर सरकतो. रेघांमध्ये ४५ अंशांचा कोन उमटावयास हात त्याच वेळी खालीवर सेकंदाला सुमारे ४२ सेंटिमीटर वेगाने फिरला पाहिजे. हे जमण्यासारखे आहे. तेच ड्रिल २४०० फेऱ्यांनी फिरविले तर हात सेकंदाला साडेतीन मीटरांच्या जवळपास हलवावा लागेल. ते कोणाच्याने होणार? म्हणून वेगवान ड्रिलने केलेल्या कामात रेघा बांगड्यांसारख्या आडव्या पडतात. नवशिक्याने २०० ते ३०० फेरे पुरेसे मानावेत.

घासताना होनिंगचे तेल सढळ हाताने वापरावे. ते नसल्यास हलके इंजिन-तेल आणि थोडे रॉकेल यांचे मिश्रण कारागीर वापरतात. पेट्रोल मात्र जवळपासही असू नये, कारण ड्रिलच्या मोटारीत ठिणग्या उडत असतात. काम उघड्या ओसरीत करावे. मण्यांचा होन फिरता असतानाच आत न्यावा आणि फिरता असतानाच बाहेर काढावा. तीन पायांचा होन मात्र पाय दाबून आत घालावा, मग ड्रिल सुरू करावे, आणि ते पूर्ण थांबल्यावरच बाहेर घ्यावा, नाही तर पाय फाकून हाताला इजा करतील. एका जागी हात थांबवू नये. पंधरा-वीस सेकंद झाले की थांबावे, पुसावे, पाहावे. चकाकी गेली आणि जाळी सर्वत्र सारखी दिसली की काम संपले. वरच्या भागात एखादा चकचकीत पट्टा राहिला, तर तेथे खड्डा आहे; तो पट्टा घालविण्याच्या नादी लागू नये, पुन्हा माप घ्यावे. टू-स्ट्रोकच्या द्वारांच्या कडा यानंतर बारीक दगडाने किंचित गोलसर कराव्यात, म्हणजे रिंग त्यांत अडकणार नाही.

यापुढचे काम धुण्याचे, आणि माझ्या मते ते घासण्याहून महत्त्वाचे. होनमधून सुटलेली खर आणि लोखंडाचा कीस त्या नव्या रेघांतच रुतून बसतो. तो तसाच राहिला तर रिंगांना आणि भिंतीला इंजिन फिरेल तितका वेळ घासत राहील. रॉकेल किंवा पेट्रोल यांनी तेल विरघळते, खर निघत नाही. ती काढावयास गरम पाणी, साबण आणि ताठ केसांचा ब्रश हवा. आणि धुणे एकदा नव्हे, तीन-चारदा. मग पांढऱ्या फडक्याला तेल लावून आतून फिरवावे. फडक्यावर करडी छटा आली तर पुन्हा धुवावे. पाणी पुसताच लगेच तेलाचा हात द्यावा, कारण उघडे बीड पाहता पाहता गंजते, आणि भोपाळच्या पावसाळ्यात तर चहा घेऊन येईपर्यंत तांबूस होते. तुलसी नगर आणि शिवाजी नगर येथील झाडे तोडण्याच्या बेतांना रहिवाशांनी २०१६ आणि २०२४ साली विरोध केला आणि दोन्ही वेळा बेत बाजूला पडले. त्या झाडांची सावली अशा कामाला फार चांगली. पण उन्हाळी वाऱ्याबरोबर त्यांच्याखालून उडणारी धूळ चांगली नव्हे. धुतलेला सिलिंडर स्वच्छ कापडात गुंडाळून घरात न्यावा.

इंजिन जोडण्यापूर्वी नव्या रिंगांची फट मोजावी. ६५ मिलिमीटर व्यासाला पाव मिलिमीटरच्या आसपास ती असावी. पुस्तकात दिलेले माप असल्यास ते पाळावे. गाडी सुरू झाल्यावर ती अर्धा तास जागेवर फुरफुरत ठेवण्याची जुनी सवय सोडावी. रिंगेला भिंतीवर दाबणारा दाब ज्वलनाच्या वायूचा असतो, आणि रिकाम्या फिरणाऱ्या इंजिनात तो अगदी कमी असतो. अशाने पुन्हा आरसा तयार होऊ लागतो. गाडी तापली की अरेरा टेकडीसारख्या सौम्य चढावर न्यावी, मध्यम जोर द्यावा, सोडावा, पुन्हा द्यावा. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने फार वेळ नेऊ नये, आणि पूर्ण जोरही पहिले काही दिवस देऊ नये, विशेषतः पिस्टनही नवा असेल तर. बुलेटचे तेल पन्नास ते शंभर किलोमीटरांनंतर बदलावे. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरला वंगण पोहोचविणारे तेल पेट्रोलबरोबरच जळून जाते, त्यामुळे ते बदलण्याचा प्रश्न नसतो. तेथे शंभरेक किलोमीटर झाल्यावर धुराड्याची नळी सोडवून निकासद्वारातून आत टॉर्चचा उजेड टाकावा आणि किक हाताने हळू फिरवून रिंगा समोर आणाव्यात. रिंगेची कडा सर्व लांबीभर सारखी चकाकत असेल तर ती बसली आहे. मध्येच काळपट डाग असतील तर तेथून वायू निसटतो आहे, आणि त्या ठिकाणची भिंत पुन्हा मोजावी लागेल.